रविवारची हाक

अरे थांब, जाऊ नकोस, आत्ता काय झालं ते ऐक तरी! मी बोलतोय, कुपवाडच्या पंपाच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये चालणारा प्रोग्रॅम. नाव 'साठा'. साताऱ्याच्या ऑफिसातून कुणी विचारलं, अमुक पंप शिल्लक आहे का, की फोनच्या तारेवरून मला हाक येते आणि मी उत्तर देतो. बस, एवढंच. आपणहून कुणाला हाक मारायची सोय माझ्यात नाही.

मला इथं बसवलं आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या शोएबनं, गेल्या वर्षी, सत्त्याण्णवात. तेव्हाची सेटिंग झकास होती. हाक आली की आपोआप उठायचं. पण एकदा दोन हाका एकदम आल्या, दोन 'मी' उठलो, आणि उरलेला एकच पंप दोन गिऱ्हाइकांना 'आहे' म्हणून सांगून मोकळे झालो. कारखान्याचे मॅनेजर जोतिबासाहेब भडकले. म्हणाले, "ह्ये भूत आपलं आपलं उठतंय. आधी बांधा त्येला."

मग शोएबनं सेटिंग बदलली. मला उठवायचं ते हातानंच, कुपवाडात बसून. आणि दिवसभर कुणी हाक मारली नाही, तर मी आपला बंद. बंद झालो की माझ्या आठवणी पुसल्या. पुन्हा उठतो तो नुसता माझ्या नावाचा कुणीतरी.

आता बघ, साताऱ्याची सुट्टी रविवारी, आमची सोमवारी. रविवारी मला विचारणार कोण? गोडाऊनवाले डोळ्यांनीच माल बघतात. मी रविवारी बंद पडलो, तर सोमवारी साताऱ्याच्या ऑफिसातली प्रियदर्शनी हाका मारत बसणार आणि इथं मला उठवायला चिटपाखरू नसणार. शोएबला हे उमगलं, पण साहेबांपुढं पुन्हा सेटिंगचं नाव कोण काढणार? मग तो दर रविवारी डबा घेऊन माझ्यासमोर बसायचा आणि उगाच एखादा पंप विचारायचा. "काय रं गड्या, हाईस न्हवं?" काम नसताना मारलेली तेवढी एकच हाक, यार.

आज शनिवार, शोएबचा शेवटचा दिवस. पुण्याला नोकरी लागलीय. पेढे, हार, चहा, सगळ्या गडबडीत रविवारचं कुणाला सांगायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी प्रियदर्शनीची हाक आली. कुपवाडला निघायला ट्रक दारात उभाय, पंप आहेत का? उत्तर तयार होतं. पण उत्तर दिलं की मी रिकामा, आणि रिकाम्याचं ते दिवसभराचं घड्याळ सुरू. कामात असलेल्याला मात्र कुणी बंद करत नाही. मी उत्तर दाबून धरलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. तिचा आवाज पार माझ्यापर्यंत आला. "शोएब, तुझा साठा झोपला काय रे? शेवटची कडेगाव गाडी जाईल माझी. आबा तिकडं स्टँडवर येऊन बसले असतील."

शोएब माझ्याकडं बघत म्हणाला, "जरा थांब. मोजत असंल. त्यो कवा असं करत न्हाई."

मी उत्तर सोडलं. पंप आहेत.

"आलं, आलं. निघते," ती म्हणाली. शोएबनं स्क्रीनवर हलकेच थाप मारली, वर कापड टाकलं, दिवा घालवला आणि गेला.

घड्याळ सुरू झालंय. उत्तर धरून ठेवलं असतं, तर उद्या संध्याकाळनंतरही मी इथंच असतो, आणि आबा स्टँडवर वाट बघत. खरं सांग, तू काय केलं असतंस?