चरे पडलेला चंबू

मित्रांनो, मी एक जुना चंबू आहे. काचेचा, गोल पोटाचा, आखूड मानेचा. भट्टीच्या धगीत फुंकरीनं फुगलो आणि न्यू जर्सीतल्या एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ मारिट ओकरलंड या बाईंच्या हाती आलो. त्यांनी घासून घासून माझ्या पोटात बारीक चरे पाडले. त्यांची नवी संयुगं माझ्यातच निवायची, आणि तळाशी पांढरे स्फटिक दिसायचे, गवतावर दहिवर पडावं तसे.

मग प्रयोगशाळेत एक नवं यंत्र आलं. एका दमात शेकडो संयुगं बनवून कुप्या भरायचं. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि माझा जीव जळायचा. त्याच्या कुप्यांतला चिकट पाक शेवटी माझ्याच पोटात येऊन स्फटिक व्हायचा, हे कुणी बोलायचं नाही. त्या संयुगांच्या अख्ख्या गोतावळ्यावर बाईंनी पेटंट घेतलं. अर्जात यंत्राचं वर्णन पानभर; माझ्या वाट्याला एवढंच, ‘चंबूत गार करा.’ म्हणजे कुठलाही चंबू चालेल.

पुढे दुसऱ्या कंपनीनं हरकत घेतली. त्यांच्या जाणत्या माणसांनी अर्जाबरहुकूम सगळं केलं, तरी हाती नुसता पाक. कागद वाचून वस्तू बनत नसेल तर पेटंट कसलं, असा त्यांचा सवाल. पेटंट कार्यालयानं ते मानलं आणि पेटंट रद्द केलं. बाईंची उमेदीची सगळी वर्षं त्या पेटंटात होती. त्यांनी वॉशिंग्टनच्या कोर्टात अपील केलं. मी मनात म्हटलं, घ्या आता, बोलवा तुमच्या लाडक्या यंत्राला.

एका दुपारी बाईंनी तीच कृती नव्या चंबूत करून पाहिली. पाकच. तोच माझ्यात ओतला. स्फटिक. मला उजेडाशी धरून त्या चरे न्याहाळत राहिल्या, मग वकील डेस्मंड प्रुइट यांना फोन लावला.

“डेस्मंड, सापडलं. सगळी करामत या म्हाताऱ्याची. याच्या चऱ्यांवरच स्फटिक धरतात.”

“हे आपण अर्जात लिहिलं होतं?”

“मलाच कुठं ठाऊक होतं.”

“मग झालं की त्यांचंच म्हणणं खरं. अर्ज केला तेव्हा कागदानं काय शिकवलं, तेवढंच बघतात. आता म्हाताऱ्याला कोर्टात नाचवलंस तरी फुकट.”

ज्या शब्दांसाठी जन्मभर झुरलो, ते कानी पडले, आणि त्यांतच बाईंची हार होती. अपील फेटाळलं गेलं. त्या दिवशी त्यांनी मला न घासता, चरे जपत हळूच धुतलं. माझी मत्सराची धग तिथंच विझली. बरीचशी.

मित्रांनो, कुणाला काही शिकवाल तेव्हा हाताखालच्या जुन्या भांड्यासकट सगळं सांगा. बाईंच्या नव्या अर्जातली कृती आता अशी सुरू होते : ‘आतून चरे पडलेला चंबू घ्या.’ यंत्र त्याच्या खाली आहे.