वर्धमान आण्णांची फटफटी

लढाईत मी फटफटी चालवायचो. आधी मिसर, मग इटली. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत साहेबांचे कागद पोचवायचे, एवढंच माझं काम. पण १९४६ साली सुटून बुधगावला आल्यावर मी ते जरा वाढवून सांगितलं. 'चालवायचो' असं म्हणायच्या जागी 'दुरुस्त करायचो' असं म्हणालो. चावडीसमोर दहा माणसं आ वासून बघायला लागली की जीभ सैल सुटते, त्याला मी तरी काय करणार?

पलटणीतली दुरुस्ती मी नुसती बाजूला उभं राहून बघितलेली. तिथे बिघडलेला भाग काढून फेकायचे, कागदावर सही घ्यायचे आणि पेटीतला नवा बसवायचे. झाली दुरुस्ती.

माझी थाप माधवनगरात वर्धमान आण्णांच्या कानावर गेली. आण्णांचा कापडाचा लहानसा कारखाना होता. माग फिरवणाऱ्या इंजिनावरचा म्हातारा मिस्त्री नुकताच घरी बसला होता. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सहा वरसं झाली, माझी फटफटी झाकून ठेवलीया," आण्णा म्हणाले. "लढाई लागली, पेट्रोल मिळंना, तवापासनं. शनवारपातूर चालू करून दाव. इंजिनावरचं काम तुझं."

मलाही शनिवारच शेवटचा होता. पलटणीत परत यायचं असेल तर सोमवारी खडकीला हजर व्हा, असं पत्र आलं होतं. दोघा भावांनी कसलेल्या शेतात तिसऱ्याला काम नव्हतं, तेव्हा इथे काही जमलं नाही तर खडकी ठरलेली. आणि बायको, बनुबाई, तिने मला एकदाच सांगितलं होतं. लग्नानंतर आठ महिने संसार आणि पाच वर्षं नुसती पत्रं, एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं.

"गेलासा तर आता पत्र घालू नगासा," ती म्हणाली. "मला वाचाय येत न्हाई. दुसऱ्याकडनं नवरा वाचून घ्यायचा मला कटाळा आलाय."

म्हणून बुधवारी सकाळी मी नटबोल्टचे पाने घेऊन आण्णांच्या परड्यात हजर झालो. आण्णांनी वाकळ ओढली. खाली फटफटी अशी चकचकीत, की मला माझ्या मिशा तिच्यात दिसल्या. "एक दिस पुसायचं चुकलो न्हाई," आण्णा म्हणाले. कुपनावर मिळालेला पेट्रोलचा एकुलता एक डबा त्यांनी स्वतःच्या हाताने टाकीत ओतला. ओतून होतंय न होतंय तोच खाली टपटप सुरू झाली.

"आरं, कुपनाचं हाय ते!" आण्णा ओरडले. मी खाली वाटी धरली, आण्णांनी दुसरी धरली, आणि आम्ही दोघं गाईची धार काढायला बसल्यासारखे फटफटीखाली बसलो. एक गळती कार्बुरेटरची होती. जुनं पेट्रोल आटून डिंकासारखं चिकटलं होतं, ते खरवडल्यावर थांबली. दुसरी टाकीच्या तोटीची. तोटी उघडली तर आतलं बूच वाळून सुपारीएवढं कठीण आणि बारीक झालेलं.

"नवी तोटी मागवा," मी ऐटीत म्हणालो.

"कुठनं?"

"विलायतेस्नं."

आण्णांनी मला खालून वर न्याहाळलं आणि ते कारखान्यात गेले. मला स्वतःचाच राग आला. शनिवार तीन दिवसांवर आणि मी विलायतेच्या गप्पा मारतोय! तेवढ्यात मला आमची बैलगाडी आठवली. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड वाळून आकसतं, लोखंडी धाव ढिली होते. मग आमचे वडील चाकं काढून ओढ्यात भिजत घालतात. लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. बूच तरी काय, झाडाची सालच की!

आण्णांचं घर जैनांचं. प्यायला उकळलेलं पाणीच लागतं, त्यामुळे चुलीवर पातेलं कायम असतं. आण्णांच्या मंडळी चंपाबाई, त्यांना सगळे आक्का म्हणत, त्यांच्याकडे मी गरम पाणी मागितलं. त्यांनी एक फुटक्या काठाची कळशी उंबऱ्याबाहेर सरकवली. "ते वासाचं घरात आणू नगंस," त्या म्हणाल्या, "आन् दिस मावळायच्या आत जेवाय ये. मागनं काय मिळायचं न्हाई."

दोन तासांत बूच फुगून असं बसलं की तोटी फिरवायला जोर लावावा लागला. गळती बंद. मी माझ्यावर फार खूश झालो. इतका खूश होणं बरं नव्हे, हे मला गुरुवारी कळलं.

गुरुवारी विसाव्या लाथेला इंजिन सुरू झालं. माग सोडून माणसं परड्यात धावली. मी ऐटीत बसलो, क्लच दाबला, गियर टाकला. क्लच दाबला की इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तुटायला हवा. इथे काहीच तुटलं नाही. फटफटी उसळली आणि मला घेऊन थेट कडब्याच्या गंजीत शिरली. हरणाबाई नावाची मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई होती, तिने मला पाय धरून बाहेर ओढलं.

क्लच उघडला. आतल्या चकत्या एकमेकींना गच्च चिकटलेल्या. आक्कांच्या उलथन्याने त्या एकेक सोडवल्या आणि शुक्रवारी सकाळी बसवून दिल्या. आता उलटीच तऱ्हा. इंजिन बोंबलतंय आणि फटफटी जागची हलत नाही! चकत्या नुसत्या घसरत होत्या. दुपारी पुन्हा सगळं खोललं आणि या खेपेला डोकं वापरून नाक लावलं. शेंगतेलाचा वास. तळात साचलेलं तेल तांब्यात ओतलं तर तांब्या भरला. हा क्लच कोरडा राहायला हवा, तेलात भिजला की संपला. आणि एका स्प्रिंगच्या खोबणीत बोट घातलं तर बोटाला लाल कुंकू आणि तांदळाचे दोन दाणे.

दारातून आक्का बघत होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"खंडेनवमीला मागाला, इळ्याला हळदकुकू लावतो," त्या हळूच म्हणाल्या. "म्हनलं, हिलाबी लावावं. मागाला तेल लागतंय, मग हिला लागत नसंल व्हय? त्या भोकातनं पळीभर घालत आले. दरसाली." मग आवाज आणखी खाली आणून, "ह्यांस्नी सांगू नगंस रं. जीव हाय त्यांचा हिच्यावर."

मागोमाग आण्णा आलेच. "काय गावलं?"

"काय न्हाई आण्णा. लय दिस ठेवली की असं हुतंय."

आण्णा भडकले. "लय दिस? माझ्या हातात सहा वरसं नीट हुती! तुझ्या हातात तीन दिसांत बिघडली. तोटी मागवाय विलायतेला निघाला, फटफटी गंजीत घातली, आन् आता क्लच गेला. उचल तुझं पानं!"

मी पाने गोळा करायला लागलो. एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. पण तीन दिवस मला वेळेवर जेवू घालणाऱ्या बाईला चारचौघांत उघडं पाडायचं माझ्याच्याने होईना. खडकीची बराक डोळ्यांसमोर आली. शेवटचा पाना पिशवीत पडला तेवढ्यात आक्का उंबरा ओलांडून परड्यात आल्या.

"आवं, पोराला कशाला बोलतासा? तेल म्या घातलं."

एव्हाना माग सोडून माणसं परड्यात जमली होती. आण्णांचा चेहरा लालबुंद. "किती?" त्यांनी विचारलं.

"पळीभर. दरसाली, खंडेनवमीला."

आणि मी मूर्ख, नको तिथे हुशारी दाखवली. "सहा पळ्यांचं काम न्हाई हे, आण्णा. तांब्या भरलाय."

आण्णांनी तांब्यात बघितलं. मग ते खाली कट्ट्यावर बसले. मिशीवरून हात फिरवला.

"दिवाळीच्या पाडव्याला..." ते म्हणाले, "म्याबी घालत हुतो. भांडंभर. म्हनलं, कोरडी पडंल बिचारी."

आधी आक्का हसल्या. तोंडाला पदर लावून, पण खांदे हलत होते. मग हरणाबाई, मग सगळा कारखाना. शेवटी आण्णाही असे हसले की त्यांना ठसका लागला.

हसून चकत्या कोरड्या होत नव्हत्या. धुवायला पेट्रोल घालवायचं तर टाकी रिकामी व्हायची. "तेलकट भांडी कशानं घासत्यात?" आक्कांनी विचारलं आणि राख नि रिठ्याचं पाणी घेऊन त्या धुण्याच्या दगडावर बसल्या. शेजारी आण्णा. मालक आणि मालकीण शुक्रवारची उन्हं उतरेपर्यंत फटफटीच्या चकत्या घासत होते आणि जास्त तेल कोणी घातलं यावर भांडत होते. शनिवारी सकाळभर चकत्या धुतलेल्या धोतरावर उन्हात वाळल्या. दुपारी मी त्या बसवल्या, स्प्रिंगा आवळल्या, देवाचं नाव घेतलं आणि क्लच हळूच सोडला. फटफटी शहाण्यासारखी चालायला लागली.

सांगलीला नदीच्या घाटापर्यंत जाऊन मी परत आलो. आण्णा फाटकातच उभे होते. "सोमवारी सातला इंजिनावर ये," ते म्हणाले.

मला राहवेना. "आण्णा, म्या पलटणीत फकस्त चालवायचो. दुरुस्त करत नव्हतो."

"आता सांगतुयास व्हय? बुधवारीच कळलं ते, तोटीपायी विलायत काढलीस तवा. पन बूच फुगवलंस, ते कुठल्या पलटणीत शिकवत्यात? जा, घरी सांगून ये. फटफटी ने. आन् आता तेल घालू नगंस कुनी!"

बुधगावला पोचलो तर बनुबाई ओसरीवर माझी पिशवी भरत होती. खाकी कपडे धुऊन, घडी घालून ठेवलेले. तिने वर बघितलं नाही.

"सोमवारी कामाला जायचंय," मी म्हणालो.

"ठाव हाय. खडकीला."

"माधवनगरला. इंजिनावर."

तिचा हात थांबला. "आन् संध्याकाळी?"

"घरी."

"रोज?"

"रोज."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, थाप आहे की काय म्हणून. मग पुन्हा विचारलं, "रोज?" लढाईच्या पाच वर्षांत मला रडू आलं नव्हतं, ते तिथे, दारात, फटफटीवर बसल्या बसल्या आलं. "व्हय गं, रोज," मी म्हणालो, आणि बनुबाई पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढायला लागली.