भिंतच वाकडी

विजयश्रीला एखादी गोष्ट एकदा पाठ झाली की ती जन्माची पाठ. चाकणच्या कंपनीत ती क्वालिटीत होती. माल हातात घेतला की माप लावायच्या आधीच तिच्या कपाळाला आठी पडायची, आणि त्या आठीपुढे भले भले सुपरवायझर गप्प बसायचे. त्यामुळे "तो रस्ता मला डोळे मिटून येतो" असं ती लग्नापासून सांगत आली, त्यावर तिच्या नवऱ्यानं, नवनाथनं, कधी शंका घेतली नव्हती.

रस्ता होता व्हिडिओ गेममधला. ती शाळेत असताना भोसरीत तिच्या वडिलांचं, कोंडीरामांचं, सलून होतं. सलून म्हणजे नावाला. एक खुर्ची, एक आरसा, एक बाक, आणि भिंत अशी की तिच्यावर आरसा म्हणून सरळ बसत नसे. गिऱ्हाइकं कुरकुरायची, आणि कोंडीराम वस्तरा पुसत म्हणायचे, "भिंतच वाकडी हाय, मी काय करू?" गल्लीच्या पलीकडे, अगदी समोर, गेमचं दुकान होतं. तिथल्या एका मशिनवर लाल गाडी धावायची. वरून दिसणारा रस्ता, त्याला वळणं, बाजूनं नदी, नदीवर पूल. तिसरा पूल ओलांडला की खेळात रात्र पडायची, सगळं काळंभोर व्हायचं आणि गाडीचे दिवे लागायचे. अख्ख्या गल्लीत एकाच पोराला ते जमलं होतं, तेही एकदाच. विजयश्रीनं ते पाहिलं होतं. त्या दिवशी तिला घास गेला नव्हता.

त्या दुकानात मुलींनी पाऊल टाकायची सोय नव्हती. गाडी वळवायच्या दांडीला तिचा हात कधी लागला नाही. शाळा सुटली की ती सलूनच्या बाकावर अभ्यासाला बसायची आणि अभ्यास सोडून सगळं करायची. वळण आलं की तिचा हात मांडीवर आपसूक सरकायचा. पोरांची गाडी जिथं नदीत जायची तिथं तिची मनातली गाडी कधी गेली नाही. एकदा उभं राहू द्या, रात्रीपर्यंत जाऊन दाखवते, असं तिला तेव्हा वाटायचं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटायचं. पुढे आयटीआयच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून बसताना, चाकणच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून पहिल्यांदा स्कूटर काढताना, तिनं मनाला हेच बजावलं होतं. तुला तो रस्ता येत होता, तर हाही येईल.

मुलगी शिकायला नाशिकला गेली, मोशीच्या फ्लॅटमधली तिची खोली मोकळी झाली, आणि नवनाथनं मनावर घेतलं. तो कंपनीत मेंटेनन्सला. घरातला पंखा महिनोन् महिने घरघरत राहिला तरी चालेल, पण डोक्यात एखादं खूळ शिरलं की हा माणूस जेवण विसरायचा. प्लायवुड आणून त्यानं खऱ्या दुकानातल्यासारखी उंच पेटी बांधली. तिचा तो खेळही कुठून तरी शोधून काढला. भांडण झालं ते दांडीवरून.

"दांडी उजव्या हाताला हवी, बटणं डाव्या," विजयश्री म्हणाली.

"अगं, जगात सगळीकडं दांडी डावीकडंच असती. हे बघ फोटो."

फोटोत दांडी डावीकडेच होती. विजयश्रीनं तो दोनदा पाहिला, पण आठी काही गेली नाही.

पडदा त्यानं नवा कोरा आणला, पाटीसारखा चपटा. रविवारी दुपारी उद्घाटन ठरलं. त्यासाठी भोसरीहून आप्पांना, म्हणजे कोंडीरामना, जेवायलाच बोलावलं होतं. जेवण झालं, आप्पा खोलीतल्या कॉटवर टेकले आणि विजयश्री पेटीसमोर उभी राहिली. चाळिशी उलटलेल्या बाईनं पदर खोचून दांडी धरली. पहिलं वळण आलं आणि गाडी सरळ नदीत. परत सुरू केली, परत नदीत. तिसऱ्यांदाही तेच.

"अगं, काय करायलीस? रस्ता उजवीकडं चाललाय!"

"पहिलं वळण डावं आहे," ती म्हणाली. रस्ता उजवीकडे जातोय हे तिलाही दिसत होतं, पण हात डोळ्यांच्या आधी जात होता.

नवनाथनं पडद्याला दोष दिला. नव्या पडद्यांना चित्र दाखवायला जरासा उशीर होतो, तेवढ्यानं अशा खेळात घात होतो, असं त्यानं ठामपणे सांगितलं. शिवाय ह्याचा काळा रंग काळा नव्हताच, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा होता. ह्यावर रात्र कसली पडणार? जुना डबा टीव्ही पाहिजे, असं दोघांचं एकमत झालं. एरवी अशी एकमतं त्यांच्या घरात फारशी होत नसत.

पुढच्या रविवारी आप्पा पुन्हा जेवायला आले, आणि भोसरीच्याच एका भंगारवाल्याकडून टीव्ही आला. नवनाथनं तो रिक्षातून तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन आणला, फक्त बाळ मणाचं होतं. पेटीची मागची फळी काढून तो आत ढकलला. बटण दाबल्यावर आधी नुसता बारीक किणकिणाट झाला. मग काचेच्या खोल आतून उजेड वर आला, आणि विजयश्रीच्या अंगावर काटा उभा राहिला. लाल रंग असा, की आतून पेटलाय. चित्र बारीक बारीक रेघांनी विणलेलं, आणि काळा रंग म्हणजे अमावास्येची विहीर.

"हाच," ती हळूच म्हणाली. "अहो, हाच तो."

नवनाथही बघत राहिला. कंपनीत रोज मशिनच्या पडद्यांमध्ये वावरणारा माणूस, पण तोही वाकून काचेच्या जवळ गेला.

तिनं दांडी धरली, आणि गाडी पहिल्या वळणावर नदीत गेली.

ह्या वेळी दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं. पुन्हा, पुन्हा करून ती शेवटी फरशीवरच बसली. तिला रडू आलं आणि त्या रडण्याची लाजही वाटली.

"अगं, आठ दिवसांत शिकशील," नवनाथ म्हणाला.

"मला शिकायचं नव्हतं हो. मला येत होतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणजे मी उगाच समजत होते. मला काहीच येत नव्हतं."

मग कॉटवरून आप्पा बोलले. दोन रविवार हा माणूस चकार शब्द बोलला नव्हता.

"जावईबापू, ती बरुबर वळतीय. रस्ता उलटा हाय."

"म्हणजे, मामा?"

"गल्लीकडं तोंड करून बसायची मुभा कुटं व्हती तिला? पोरीची जात, समोर टारगट पोरं. आत तोंड करून बसायची." आप्पांनी हवेत बोटानं चौकोन काढला. "तिनं समदा खेळ आरशात बघितलाय."

विजयश्रीनं वर पाहिलं. आरसा! इतकी वर्षं तिला रस्ता आठवत होता, गाडी आठवत होती, मधली काच तेवढी विसरली होती. दांडी उजवीकडे का, पहिलं वळण डावं का, सगळं एकदम समोर आलं.

नवनाथ म्हणाला, चित्र काय, सेटिंगमध्ये मिनिटात उलटं करून देतो. पण आप्पा केव्हाच उठून बेसिनवरचा आरसा काढून घेऊन आले होते. मग तोही हसला आणि कामाला लागला. टीव्ही तिच्या पाठीमागे टेबलावर गेला, आणि पेटीत पडद्याच्या जागी आरसा उभा राहिला. दांडीच्या डाव्या-उजव्या वायरी त्यानं एकमेकींच्या जागी लावल्या. दांडी आणि बटणं काढून फळीच पालथी घातली आणि पुन्हा बसवली, तेव्हा दांडी उजवीकडे आली.

विजयश्री उभी राहिली. आरशात तिला स्वतःचंच तोंड दिसलं.

"थांब," आप्पा म्हणाले. देवापुढची काड्यापेटी त्यांनी आणली आणि आरशाच्या एका कडेमागे सरकवली. मग तिला बाजूला करून तिच्या जागी उभे राहिले, गुडघे वाकवून तिच्या उंचीला आले, एक डोळा मिटून बघितलं. पेटी किंचित बाहेर ओढली. पुन्हा बघितलं.

"आता बघ."

तिच्या खांद्यावरून रस्ता दिसत होता. आवाज पाठीमागून येत होता, तेव्हा यायचा तसाच. पहिलं वळण आलं. डावं. हात गेला आणि गाडीही गेली. पहिला पूल, मग झाडी, मग दोन उजवी वळणं, दुसरा पूल. तिचं तिला कळत नव्हतं, हातच चालवत होता. जिथं पोरं बुडायची ते वळण आलं आणि गेलं. तिसरा पूल लागला, सरला, आणि रात्र पडली. सगळं काळंभोर झालं आणि त्या काळ्यात दोन पिवळे दिवे लागले. केवढी रात्र ती! तिला वाटलं, हे आपल्या आत इतकी वर्षं जसंच्या तसं जागं होतं आणि आपल्यालाच ठाऊक नव्हतं.

आरशात टीव्हीशेजारी आप्पा दिसत होते. ते रस्ता बघत नव्हते, तिला बघत होते. आणि तेव्हा तिला सलून रिकामं करण्याचा दिवस आठवला. आरसा उतरवताना मागून एक काड्यापेटी पडली होती, रंग उडून पांढरी झालेली. तिनंच ती कचऱ्यात झाडून टाकली होती.

"आप्पा," गाडी चालवता चालवता ती म्हणाली, "आपल्या दुकानाची भिंत..."

"सरळ व्हती."

दांडीवर तिचा हात थांबला.

"तू साळंला गेलीस की बाकावर बसून बघायचो, तुला नीट दिसंल का," आप्पा म्हणाले. "तिकडं धाडायची छाती न्हवती माझी. आरसा वाकडा करायची व्हती."

त्या बाकावर बसून एकदाही मागे वळून न पाहिलेली विजयश्री आता दांडी सोडून वळली.

"पुढं बघ, पुढं," आप्पा घाईनं म्हणाले. "गाडी जाईल."

गाडी केव्हाच गेली होती.