उष्टं वाद्य

“ताई, त्या पिपाणीला बाळाचं तोंड लावू नका. माझा बाप बँडमधी होता. रोज पुसली नाय तर लय सडती ती आतून.”

ओमला तेल चोळता चोळता कुसाबाईने बजावलं, तेव्हा सुवर्णाने हसून विषय उडवला. एम.एस्सी. झालेली, बाळाची वाटी तीन-तीनदा उकळणारी बाई. पण बारशाच्या घाईत मालिशवालीचं कोण ऐकतं?

पिपाणी म्हणजे आजेसासरे चिमाजींचं क्लॅरिनेट. चिमाजी मखमलाबादच्या मळ्यातून लग्नाच्या बँडात गेले, तिथून मुंबईच्या मोठ्या हॉटेलात. जॅझ हा शब्दही इकडे कुणाला ठाऊक नव्हता, तेव्हा हा फुलं तोडणारा पोरगा गोवेकर वादकांच्या मांडीला मांडी लावून साहेबांना नाचवत होता. घरी मात्र थुंकीचं वाद्य, उष्टं! बायकोने, नवसाबाईने, ते कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. म्हातारा गोठ्यात बसून वाजवायचा, फडक्याने आतून पुसून, पेटीत घालून आढ्याला टांगायचा. तिथेच एक दिवस वारला.

दोन वर्षांपूर्वी पेपरात त्याच्यावर अर्धं पान आलं आणि चाळीस वर्षं लोंबकळलेली पेटी दिवाणखान्यात विराजमान झाली. सासऱ्यांनी, धनराजरावांनी, घराण्याची रीतही काढली: बारशाला क्लॅरिनेटचं टोक मधात बुडवून बाळाच्या ओठी द्यायचं.

“बाबा, आतून धुतलंय ना?”

“अगं, आमच्या बापाचा श्वास आहे त्यात. तो काय धुऊन टाकू?”

सगळे हसले. सुवर्णाही हसली. ओम चुटूचुटू चोखू लागला.

चौथ्या दिवसापासून त्याला शी होईना. मग दूध ओढेना. मग मान टाकली. रडणं मांजराच्या पिल्लाएवढं.

“वर्षाच्या आत मध? त्यातल्या जंतूंचं विष भिनतं बाळाच्या अंगात!” डॉक्टर ओरडले. “आणि कशातून दिलात?”

दवाखान्यातून कपडे न्यायला सुवर्णा घरी आली तेव्हा तिने ते टोक ओढून काढलं. आत काळा, चिकट थर. हिरवी बुरशी. झुरळाची अंडी. बेसिनवर वाकून ती ओकत राहिली. हे तिने स्वतःच्या हाताने लेकराच्या तोंडात धरलं होतं! माणूस जिवंत होता तोवर त्याचा श्वास विटाळ, आणि आता त्याची घाण प्रसाद?

तिने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सासऱ्यांचा फोन आला.

“तुझ्या आजेसासऱ्यांची किळस येते तुला? लाज वाटू दे जरा.”

फोटो ग्रुपवरून गेला. दुसऱ्या दिवशी पेटीही गेली, सटाण्याला. तिथे रविवारी नणंदेच्या, साधनाच्या, मुलीचं बारसं आहे. साधना फोन उचलत नाही. नवरा रोहित म्हणतो, “आता तिचं शुभकार्य तरी नासवू नकोस.” ओमच्या नाकात नळी आहे, सुवर्णाला खाटेजवळून उठता येत नाही.

तुम्ही सटाण्याकडचे असाल, तर कांदा मार्केटमागच्या गल्लीत रविवारी पाळणा सजलेला दिसेल. बोलावलं नसलं तरी आत जा. साधनाच्या मुलीच्या ओठांना काय लावतायत, तेवढं बघा.