रिकामी झालेली जागा

मोबील गावी घरी येऊन, जमारियनच्या आईच्या हातची तळलेली भेंडी चापून "पोराला माझ्यावर सोडा" म्हणणारा फुटबॉलचा कोच वर्षभरातच दुसऱ्या कॉलेजात निघून गेला. नव्या कोचने जमारियनला सबंध हंगाम मैदानात न उतरवता बाकावर बसवलं; हाक मारायची तीही नंबराने, "ए चव्वेचाळीस."

शेवटी सोमवारी जमारियनने कॉलेज सोडू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत नाव घातलं. दुपारपर्यंत लॉकरवरची त्याच्या नावाची पट्टी निघाली. शिष्यवृत्तीही गेल्यातच जमा होती.

चार दिवस दुसऱ्या कुठल्याच कॉलेजाचा फोन आला नाही. तो आंघोळीलाही फोन घेऊन जायचा. आईला अजून काही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी जेवताना फोन वाजला. घास तसाच हातात राहिला.

"जमारियन ना? लाइनबॅकरच्या जागेवर खेळणारा?" कुठल्याशा कोचचा नवखा मदतनीस यादी वाचल्यासारखा बोलत होता. "तुझा या हंगामातला खेळ पाहिला, बाबा. जबरदस्त. आमचा त्याच जागेवरचा एक पोरगा सोडून चाललाय. येतोस का?"

"कुठलं कॉलेज?" जमारियनने विचारलं.

त्या माणसाने नाव सांगितलं. जमारियनने खाली अंगातल्या सरावाच्या शर्टाकडे पाहिलं. छातीवर तेच नाव होतं.