आप्पांची बारी

डॉ. तेजस्विनी पुण्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरची मोठी डॉक्टर. फुफ्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमाही तीच बघते, ज्याचं नाव घेताना शिकाऊ डॉक्टरांची बोबडी वळते. पण गावी, निरगुडसरात, तिचे चुलते भगवंतआप्पा तिला अजून ‘तेजे’ म्हणायचे आणि ती समोर आली की खोकला गिळायचे.

आप्पांनी उभी हयात लोकांच्या गोठ्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे कापून बसवले. त्या धुळीनं छातीचं काय होतं, हे तेजस्विनी रोज बघायची. त्यामुळं आप्पा खोकले की ती स्कॅनचा धोशा लावायची. स्कॅनचं नाव काढलं की आप्पा म्हणायचे, “यात्रा व्हऊ दे.” यात्रा झाली की कांदा काढायचा असायचा, आणि कांदा निघाला की नेमकी बैलाला सर्दी.

यंदा यात्रेत घड्याळ लावून, सेकंदांवर बैलगाडे पळत होते. घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, माईकवर रामदास नावं पुकारत होता. माईकवर पुकारलेली बारी, म्हणजे आपली पाळी, सोडायची नाही, अशी इकडची रीत. सोडली, तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. तेजस्विनी सरळ रामदासच्या कानाला लागली.

“नामांकित गाडामालक भगवंतराव आप्पा!” रामदास गरजला. “उद्या सकाळी छातीच्या स्कॅनसाठी मंचरला निघत आहेत! जोरदार टाळ्या!”

भंडाऱ्यानं पिवळेजर्द झालेले आप्पा जागीच थिजले. पण टाळ्या पडल्या आणि सवयीनं त्यांचे हात जोडले गेले. तिथंच ते फसले.

सकाळी हलगी वाजवत अर्धं गाव मंचरला निघालं. हायवेवर कांद्याचे ट्रक खोळंबले. स्कॅनच्या खोलीत मशीन म्हणालं, श्वास रोखा. आप्पांनी रोखला. मशीन म्हणालं, सोडा. आप्पा सोडेनात.

“आप्पा, सोडा की!” काचेपलीकडून तेजस्विनी ओरडली.

तोंड जांभळं पडल्यावर आप्पांनी भसकन श्वास सोडला. “किती सेकंद झालं? आपलाच पहिला नंबर ना?”

तिला हसू आवरेना. स्क्रीनवर नखाएवढी गाठ दिसली, तेव्हा ते हसू मावळलं. पुढं पुण्यात तुकडा काढून तपासला. मेसोथेलिओमा नव्हता. गाठ कॅन्सरचीच होती, पण फुफ्फुसातली, लवकर सापडलेली, ऑपरेशननं निघण्यासारखी. रिपोर्ट वाचून ही मोठी डॉक्टर बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडली.

“आप्पा, ऑपरेशन करायचं. वेळेत सापडलंय.”

आप्पांनी तिचा हात घट्ट धरला.

“रामदासला सांग, तारीख माईकवर पुकार. न्हाईतर मी पळून जाईन, तेजे. लई भ्या वाटतंय.”

ना यात्रा, ना गाडे. भर दुपारी मोकळ्या घाटात रामदासनं माईक लावला. तारीख पुकारली. ऐकायला तेजस्विनी आणि चार शेळ्या. तिनं एकटीनंच टाळ्या वाजवल्या, आणि आप्पांनी हात जोडले.