तिसरी गैरहजेरी

पावणेबाराला जत्रेतल्या मेंढ्यांच्या शेडमध्ये मार्नीनं फोन बघितला आणि तिचा ब्रशचा हात थांबला. पिकल, तिची मेंढी, मान वळवून बघायला लागली की खाजवणं का बंद झालं.

"आई, एक वाजता प्रात्यक्षिक परीक्षा आहे. आज."

मी म्हटलं, काळजी करू नकोस, सोमवारीच कॉलेजात फोन करून ठेवलाय. आमच्याकडे ही रीतच आहे. मेंढ्यांचं वजन असो, डुकरांचा लिलाव असो, आईनं शाळेच्या ऑफिसात फोन करायचा, आज आमचं जनावर रिंगणात आहे म्हणून सांगायचं, की हजेरीपटावर माफीची खूण होते. माझ्या आईनं माझ्यासाठी केलं, मी मार्नीसाठी करते. कॉलेजात फोन उचलणारी मुलगी गोड आवाजात म्हणालीही होती, "बरं, लिहून ठेवते."

मार्नीनं फोन माझ्यापुढे धरला. डॉ. ऑस्गुड नावाच्या तिच्या शिक्षिकेचा निरोप होता. परीक्षा एकदाच होईल, पुन्हा नाही. तुझ्या नावावर दोन गैरहजेऱ्या आहेत. तिसरी झाली की नाव कमी होईल.

"दोन कशा?" मार्नीनं विचारलं. "तापाची एक. दुसरी कुठली?"

दुसरी मेंढ्यांच्या वजनाच्या दिवसाची होती. त्याही वेळी फोन मीच केला होता.

मी लक्ष ठेवणारी बाई आहे. गाडीच्या चाकातली हवा, घरातल्या औषधांच्या तारखा, सगळं माझ्या डोक्यात असतं. आणि मी स्वतः कॉलेज केलंय. पदवीला नऊ वर्षं लागली, त्यातली पहिली दोन मार्नी मांडीवर होती. म्हणूनच तर तिला अकरावीनंतरच्या सुट्टीत शरीरशास्त्राच्या या वर्गात घातलं. सहा आठवड्यांत अख्खं सत्र, चार क्रेडिट. ती मिळाली तर बारावी संपल्यावर नर्सिंगला थेट जागा. नाव कमी झालं तर जागा गेलीच, वर तो डाग कॉलेजच्या गुणपत्रिकेवर जन्मभर. हे सगळं मला पाठ होतं. कॉलेजात आईनं फोन करायचा नसतो, एवढंच ठाऊक नव्हतं.

पिकलला साडेबाराला स्पर्धेसाठी रिंगणात न्यायचं होतं. मार्चपासून मार्नी तिला रोज पहाटे फिरवत होती. मुलांच्या पशुपालन क्लबातलं दुसरं कुणी जनावर दाखवणार असेल तर चालतं, म्हणून मार्नीनं दोर लोरेटाच्या हातात दिला. ती तिची क्लबातली मैत्रीण. "मागचे पाय आधी जागेवर लाव," एवढंच सांगितलं आणि मागे न बघता गाडीकडे चालायला लागली. त्यात गाडी बाहेर काढायच्या परवान्यासाठी जत्रेच्या मैदानाच्या फाटकापाशी रांग लागली. निघायला सव्वाबारा वाजून गेले.

कॉलेज तेहतीस मैल. मी ॲक्सिलरेटर दाबून धरला.

"सोमवारी फोनवर काय म्हणालीस?" तिनं विचारलं.

मार्नीची आई बोलतेय, असं म्हणाले होते. तिनं कपाळाला हात लावला.

"आई, कॉलेजात कुणाला आई नसते."

"मग आत्ता तुला कोण घेऊन चाललंय?"

ती हसली नाही. टिपणं काढून पुटपुटायला लागली. झडपा, धमन्या, शिरा.

मग धान्याच्या कोठाराच्या वळणावर हार्वेस्टर आडवा आला. गव्हाचे दिवस, दोन्ही बाजू व्यापून वीसच्या वेगानं चाललेला. आमच्याकडे कुणी हॉर्न वाजवत नाही. वाजवला तर लोक विचारतात, कोण गेलं? मी वाजवला. हाकणाऱ्यानं स्टिअरिंगवरची दोन बोटं वर करून नमस्कार केला आणि तसाच चालत राहिला. घड्याळात बारा चाळीस. बारा सत्तेचाळीस. मार्नीचं पुटपुटणं थांबलं होतं. ती नुसती समोरच्या लाल दिव्यांकडे बघत होती. बारा बावन्नला तो एका शेतात वळला.

वर्गाच्या दाराशी पोचलो तेव्हा एक वाजून सहा मिनिटं झाली होती. मार्नीनं दार वाजवलं. डॉ. ऑस्गुड बाहेर आल्या, उंच, पांढऱ्या कोटात. मी आधी तोंड उघडलं.

"तुम्ही विद्यार्थिनी आहात का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"नाही, पण चूक…"

"मग मी हिच्याशीच बोलेन."

मार्नीनं पाठीमागे हात नेऊन मला बोटानं खुणावलं. गप्प.

"जत्रेचं मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात लिहायला हवं होतं," ती म्हणाली. "लिहिलं नाही. सवलत मागत नाही. परीक्षेतली उरलेली टेबलं द्या."

चूक माझी, असं मला ओरडून सांगायचं होतं. ती माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होती, आणि मला गप्प उभं राहायचं होतं. बाईंनी तिच्या बुटांना चिकटलेल्या पेंढ्याकडे पाहिलं.

"चाळीस टेबलं, एकेक मिनिट. तुझी सहा गेली, ती परत मिळणार नाहीत. पास व्हायला अठ्ठावीस लागतात. हजेरी लावते. ये आत."

दाराला काचेची चिंचोळी पट्टी होती. मी तिथेच उभी राहिले. घंटा वाजे, मुलं एक टेबल पुढे सरकत. प्रत्येक ताटलीत काहीतरी, त्यात टोचलेली टाचणी, आणि टाचणी कशात आहे ते लिहायचं. मी घंटा मोजत होते. चौदाव्या घंटेला मार्नी एका ताटलीपाशी आली आणि थिजली. शेजारची मुलगी बाजूला झाली तेव्हा मला दिसलं. हृदय होतं. माणसाचं नाही, इथे मेंढीचं वापरतात.

तिनं लिहायला हात उचलला नाही. मी काचेला कपाळ टेकवलं. लिही ग. एवढंच, मनातल्या मनात. अर्धं मिनिट गेलं असेल. मग तिनं आपला पंजा स्वतःच्या छातीवर ठेवला, डावीकडे, क्षणभर, आणि घंटा वाजता वाजता काहीतरी खरडलं.

शेवटच्या टेबलानंतर बाईंनी तिथल्या तिथे कागद तपासले. मुलं बाहेर यायला लागली. मार्नी शेवटी आली आणि माझ्या बाजूनं सरळ निघून गेली. मी बाईंना विचारलंच, झाली का पास?

"तिला विचारा," त्या म्हणाल्या. "कायद्यानं मला पालकांना सांगता येत नाही."

गाडीत मी विचारलं नाही. पहिले दहा मैल मला फार जड गेले. कोठाराच्या वळणावर, जिथे हार्वेस्टर आडवा आला होता तिथे, ती म्हणाली, "एकोणतीस."

मी नुसती मान हलवली.

तिचा फोन वाजला. लोरेटा. पिकल पाचात चौथी. मागचे पाय शेवटी लावले, सॉरी, असं लिहिलं होतं. मार्नीनं ते मला वाचून दाखवलं आणि आज पहिल्यांदा थोडीशी हसली.

"आणि आई, पुढच्या वेळी फोन…"

"नाही करणार."

चौतीसातली चुकलेली पाच कोणती, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी काच खाली केली आणि वारा आत घेतला.